फ्रॅक्चरनंतर बंड्याचा मागचा पाय आखडलाय, मालिश करू की फिरवू?

बंड्याची_मम्मी (राजेंद्र नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमचा बंड्या देसी कुत्रा आहे, वर्षभराचा, वजन अठरा किलोच्या आसपास. दिवाळीच्या आधी गल्लीत एका बाईकवाल्याने उडवलं आणि डाव्या मागच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि स्क्रू आहेत, टाके वगैरे व्यवस्थित सुकले, मागच्या एक्सरेत डॉक्टर म्हणाले हाड छान जुळून येतंय. त्यांनी सांगितलं होतं की आराम द्या, उड्या मारू देऊ नका, तर आम्ही तो आराम अगदी मनापासून दिला, म्हणजे दिवसभर गॅलरीत गादीवर आणि शी-शू पुरतं खाली.

आता प्रॉब्लेम असा की पाय ताठ राहतो. सकाळी उठला की तर लाकडासारखा, दहा-पंधरा पावलं तसाच ओढत चालतो मग जरा सुटतो. बसताना तो पाय नीट दुमडत नाही, बाजूला काढून बसतो. आणि पळायला लागला की चक्क तीन पायांवर, चौथा वर उचललेला. मांडी हाताला एकदम बारीक लागते, दुसऱ्या मांडीच्या निम्मी वाटते मला तरी. दुखतंय म्हणून ओरडत वगैरे नाही.

सासूबाई म्हणतायत राईचं तेल लसूण घालून गरम करून चोळ, दूधवाले भैया म्हणतायत हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे न्या तो एका झटक्यात नस मोकळी करतो, आणि माझा भाऊ म्हणतो पट्टा सोडून बगीच्यात मोकळा पळू दे आपोआप सुटेल. ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर म्हणाले "हळूहळू होईल", बस एवढंच. आता मी नेमकं करू काय? मालिश करू, शेकू, फिरवू की अजून आराम? आणि माणसांची पेनकिलर गोळी अर्धी दिली तर चालते का, कोणीतरी सांगितलं चालते म्हणून.

लॅबवाला_सुदामानगर

ताई गोळी बिलकुल देऊ नका!! अर्धी पण नाही, पाव पण नाही. ब्रुफेन-कॉम्बिफ्लाम वगैरे कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडनी जाते. बाकीचं कोणी जाणकार सांगेलच पण हे आधी लिहितोय.

आमच्या लॅब्रेडॉरचा पुढचा पाय मोडला होता, त्याला आम्ही पोहवलं होतं, फार फरक पडला. तुम्हाला राजेंद्र नगरहून सिरपूर तलाव तसा जवळच पडेल, तिकडे नेऊन बघा.

पक्षीवेडा_इंदौरी

ओ भिया सिरपूरला कुत्रा पोहायला कुठे नेता, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलेला तलाव आहे तो, थंडीत बाहेरून पक्षी येऊन बसलेत तिथे. दुसरं काही सुचवा.

लॅबवाला_सुदामानगर

बरं बाबा, मागे घेतलं. टबात पोहवा.

महूवाला_व्हेट

बंड्याच्या मम्मी, मी व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे, महूच्या कॉलेजातून शिकलेला, आणि अशा केसेस भरपूर बघितल्या आहेत, तर जरा सविस्तर लिहितो. कुत्रा प्रत्यक्ष बघितलेला नाही हे धरून वाचा.

तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्या वेगळ्या करणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. एक म्हणजे नुसता न वापरल्यामुळे आखडलेला पाय. स्नायू वापरला नाही की दोन-तीन आठवड्यांतच बारीक व्हायला लागतो, सांध्याभोवतीची आवरणं आक्रसतात, आणि कुत्र्याला तीन पायांवर पळायची सवय लागते कारण त्याला ते सोपं पडतं. हे मेहनतीने सुटतं. वेळ लागतो, स्नायू जातो आठवड्यांत आणि येतो महिन्यांत, पण सुटतं.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. मांडीचं हाड मोडलं की पुढच्या बाजूचा जो मोठा स्नायू असतो, गुडघा सरळ करणारा, तो कधीकधी जुळणाऱ्या हाडालाच चिकटतो आणि आतून दोरखंडासारखा कडक होत जातो. मग गुडघा वाकतच नाही, पाय मागे सरळ काठीसारखा राहतो, घोटाही सरळ, आणि चालताना पंजाचा वरचा भाग जमिनीला घासतो. याला क्वाड्रिसेप्स काँट्रॅक्चर म्हणतात. लहान पिल्लांत, विशेषतः सहा महिन्यांच्या आतल्या, आणि ज्यांचा पाय सरळ ठेवून पट्टी-खपच्या घट्ट बांधून ठेवलेल्या असतात त्यांच्यात हे जास्त दिसतं. तीन ते पाच आठवड्यांतही होऊ शकतं. एकदा पक्कं झालं की नुसत्या व्यायामाने सुटत नाही आणि ऑपरेशन करूनही पाय पूर्वीसारखा होईलच असं नसतं. तुमचा बंड्या वर्षाचा आहे, प्लेट बसवलेली आहे म्हणजे बाहेरून पट्टी फारशी नसणार, आणि चालल्यावर सुटतो म्हणताय, त्यामुळे मला पहिलं वाटतंय. पण तपासून घ्या.

घरी एवढं करून बघा. बंड्या शांत असताना, जेवून झोपाळला असेल तेव्हा, त्याला उजव्या कुशीवर झोपवा म्हणजे डावा पाय वर येईल. आधी चांगला पाय वाकवून बघा कितपत वाकतो, मग आजारी. एक हात मांडीवर गुडघ्याच्या जरा वर, दुसरा गुडघ्याच्या खाली नळीवर, पंजा धरून ओढायचं नाही. सावकाश वाकवा. तो मान वळवून तुमच्याकडे बघायला लागला, श्वास बदलला, ओठ चाटले की तिथेच थांबा, ते "बस" आहे त्याचं. निरोगी कुत्र्याचा गुडघा पूर्ण दुमडल्यावर साधारण ४०-४५ अंशांपर्यंत येतो आणि सरळ केल्यावर १६० च्या आसपास जातो. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, मध्य गुडघ्यावर, एक बाजू मांडीच्या रेषेत एक नळीच्या रेषेत, अंदाज येतो. तो आकडा इथे लिहा. आणि एक्सरे कधीचा आहे ते पण.

बंड्याची_मम्मी (राजेंद्र नगर, इंदूर)

सर खूप खूप धन्यवाद, एवढं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. एक्सरे होऊन महिना होत आला. आत्ताच मुलाच्या कंपासमधून कोनमापक घेऊन बसले, बंड्याने आधी कोनमापक चावला. चांगला पाय ४५ पर्यंत आला, डावा साधारण ८० ला अडला. मग टॉवेल गरम पाण्यात पिळून मांडीवर थोडा वेळ ठेवला (सासूबाईंनीच धरला) आणि परत वाकवला तर ७० पर्यंत आला. पंजा घासत नाही, नखं पण दोन्ही पायांची सारखीच आहेत. म्हणजे चांगलं की वाईट?

महूवाला_व्हेट

चांगलं. शेकल्यावर दहा अंश मिळाले म्हणजे ते मऊ आहे, ताणतंय. पक्कं चिकटलेलं असतं तर गरम टॉवेलने फरक पडला नसता, अशा कुत्र्यांचा गुडघा भूल दिल्यावरही वाकत नाही. आणि नखं बघितलीत हे उत्तम केलंत, मी सांगायचं राहिलं होतं.

तरी पहिली पायरी एक्सरे. महिन्यापूर्वीचा "छान जुळतंय" हा "जुळलं" नसतो. पिल्लांचं हाड महिन्याभरात पकडतं, वाढलेल्या कुत्र्याला आठ-बारा आठवडे सहज लागतात, आणि प्लेट असेल तर एक्सरेवर पूर्ण भरलेलं दिसायला त्याहून जास्त. स्क्रू हललेला नाही, प्लेट वाकलेली नाही हे कळल्याशिवाय व्यायाम वाढवायचा नाही. वाकवणं-सरळ करणं मात्र आत्तापासून हलक्या हाताने चालेल, तुमच्या सर्जनना एक फोन करून विचारा, बहुतेक हो म्हणतील.

आता रोजचं काय. आधी शेक, दहा-पंधरा मिनिटं, ओला गरम टॉवेल, आपल्या मनगटावर ठेवून बघायचा, सोसवला पाहिजे. मग दोन-चार मिनिटं मालिश, पंज्याकडून वर मांडीकडे तळहाताने हलका दाब, अंगठे रुतवायचे नाहीत, टाक्यांच्या जागी आणि हाड मोडलेल्या जागी तर मुळीच नाही. मग गुडघा वाकवणं-सरळ करणं दहा-पंधरा वेळा, जिथे अडतं तिथे जोर न लावता पंधरा-वीस सेकंद धरून ठेवायचं. मग तसंच घोट्याचं आणि खुब्याचं. दिवसातून दोन-तीनदा. संपल्यावर गरम लागत असेल, सुजल्यासारखं वाटलं तर कपड्यात गुंडाळून बर्फ दहा मिनिटं.

पण खरा स्नायू मालिशने येत नाही हे लक्षात ठेवा. मालिश फक्त दार उघडतं. स्नायू येतो चालण्याने, आणि तेही सावकाश चालण्याने. इथेच सगळे चुकतात. कुत्रा वेगात असला की त्याला तीन पायांवर उड्या मारत जाणं परवडतं, पण अगदी हळू, आपण नवरात्रात देवीच्या रांगेत सरकतो तसं चालवलं की त्याला चौथा पाय टेकवावाच लागतो. म्हणून भावाचा सल्ला सध्या बाद. छोटा पट्टा, तुमच्या बाजूला, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. प्रत्येक पावलाला पाय टेकतोय ना बघत राहायचं, उचलला की अजून हळू. एक्सरे बरा आला तर दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त लंगडला तर कालचं जास्त झालं, एक पायरी मागे यायचं.

रामबाग_आजोबा

डॉक्टरसाहेबांनी उत्तम लिहिले आहे. फक्त पहलवानाबद्दल ते बोलले नाहीत म्हणून लिहितो. आमच्या वेळी इंदुरात हाड सरकले, पाय मुरगळला की सगळे पहलवानाकडेच जात, माणसाचा हात बसवून देत असत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांची निंदा करणार नाही. पण आत लोखंड बसवलेल्या कुत्र्याच्या पायाला झटका? नको गं बाई.

दूधवाल्याचा_फॅन

आजोबा पण आमच्या गल्लीत एक कुत्रा पहलवानाच्या पट्टीनेच बरा झाला, खपच्या बांधल्या होत्या बांबूच्या, आज पळतो मस्त. सगळंच इंग्रजी औषध बरोबर असं नाही ना.

महूवाला_व्हेट

होतो बरा, का नाही होणार. नळीला तडा असेल, हाड जागेवरच असेल तर हाड स्वतःच जुळतं, पट्टी कोणी बांधली याला फार अर्थ नसतो. पण मांडीचं हाड पट्टीने धरताच येत नाही, कारण पट्टीने तुटलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा दोन्ही सांधे बांधले गेले पाहिजेत आणि खुबा तुम्ही बांधणार कसा? पट्टी उलट खाली घसरते आणि वजनाने मोडलेली जागाच ओढते. वरून गुडघा सरळ बांधून महिनाभर ठेवला की मी वर लिहिलेला तो कडक स्नायू तयार. आणि पट्टी घट्ट असेल तर पंजा सुजतो, थंड पडतो, वास येतो, तोपर्यंत पायच काढायची वेळ आलेली असते, असे कुत्रे माझ्या टेबलावर आलेत. आखडलेला सांधा झटक्याने "मोकळा" केला तर आतले धागे फाटतात, रक्त साचतं आणि ते भरताना आधीपेक्षा जास्त आखडतं.

राईचं तेल: तेलाने बिघडत नाही, पण कुत्रा ते चाटणार, आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, तर लसूणवालं तेल नकोच. आयोडेक्स, मूव्ह, झंडू बाम यातलंही काही लावू नका, चाटल्यावर पोटात जातं आणि त्यातलं सॅलिसिलेट विषारी आहे. कोरडी मालिश पुरते.

गोळीचं लॅबवाल्यांनी सांगितलंच. डायक्लोफेनॅक तर आपल्याकडे जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरायची म्हणून, पण कुत्र्याच्या आतड्यालाही ते झेपत नाही. दुखणं असेल तर कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन अशी औषधं असतात, वजनावर हिशोब करून, खाण्यासोबत, आणि डॉक्टरने लिहून दिल्यावरच. उलटी, काळी शी दिसली की लगेच बंद. स्टिरॉइड चालू असेल तर त्याच्यासोबत कधीच नाही. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं मात्र धरू नका, कुत्रे ओरडत नाहीत, ते पाय उचलतात.

नारायणबागेतली_मीनल

मम्मी एक विचारू का, घरात फरशी कोणती आहे? आमच्या ज्युलीचा नळीचा फ्रॅक्चर होता, सगळं करत होतो तरी घरात पाय टेकवायची नाही आणि बाहेर मातीवर नीट टेकवायची! मग फिजिओवाल्या मुलीने घरात येऊन पाहिलं आणि म्हणाली फरशी बघा किती गुळगुळीत आहे, चांगल्या कुत्र्याला पण भीती वाटेल. मग आम्ही जुने योगा मॅट कापून गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रस्ता केला, पायपुसण्याला लावतात ती रबराची जाळी खाली घातली म्हणजे सरकत नाही, आणि पंज्याखालचे केस कापले. त्याच आठवड्यात फरक. शिवाय गॅलरीत नका ठेवू रात्री, आता थंडी आहे, गार फरशीवर सकाळी अजून आखडतो, गादीखाली गोणपाट घाला.

अजून तिने आम्हाला उठ-बस करायला लावली होती, म्हणजे "बस" म्हणायचं मग "उठ", पाच-पाच वेळा, पण भिंतीच्या कोपऱ्यात उभं करून, आजारी पाय भिंतीकडे, म्हणजे पाय बाजूला फेकता येत नाही, दुमडूनच बसावं लागतं. बंड्या बाजूला काढून बसतो ना, त्याला हे एकदम फिट्ट. आणि नंतर नंतर झाडूच्या काठ्या जमिनीवर आडव्या ठेवून त्याच्यावरून हळू चालवायचं, पाय उचलून टाकावा लागतो.

आणि पोहे!! इंदूरचे कुत्रे सकाळी पोह्यांवरच असतात माहितीये मला 😄 कांदा असतो त्यात, कांदा-लसूण दोन्ही बंद, आणि जिलबी-शेव पण बंद, गादीवर बसून वजन वाढलं असेल तर तेच पायावर येतं.

बंड्याची_मम्मी (राजेंद्र नगर, इंदूर)

मीनल अगं कोटा स्टोन आहे, घासून घासून आरसा झालाय! आणि पोह्यांचं तू कसं ओळखलंस, सासरे रोज सकाळी स्वतःच्या प्लेटमधून दोन घास देतात, आज सांगितलं तर रुसले. योगा मॅट आजच कापते.

सर, मी आज सकाळी रांगेसारखं चालवलं, खरंच पाय टेकवला! प्रत्येक वेळी नाही पण चार-पाच पावलांत एकदा उचलला बस. टबात पोहवणं करू का मग? आणि माझ्या नणदेकडे ते माणसांचं मशीन आहे गुडघ्याला शेक देणारं, फिजिओवाले लावतात ते, ते लावलं तर? आणि एक्सरेसाठी महूला नेऊ का, जवळच्या क्लिनिकमध्ये मशीन जुनं आहे म्हणतात.

महूवाला_व्हेट

मशीन नको. डायथर्मीवालं, म्हणजे विजेच्या लहरींनी आतून शेक देणारं, असेल तर आतली धातूची प्लेट तापते, बाहेर काहीच दिसत नाही आणि आत भाजतं. ओला टॉवेल बरा, जास्त तापला तर तुमच्या हाताला कळतो.

पोहणं सध्या थांबवा. पाण्यात घाबरलेला कुत्रा पाय झटक्याने मारतो, आणि कितीतरी कुत्रे पोहताना आजारी पाय अंगाशी धरून बाकी तिघांवरच पोहतात, मग उपयोग काय. हाड पक्कं झाल्यावर पोटापर्यंत कोमट पाण्यात चालवणं जास्त कामाचं, पाणी वजन उचलतं आणि पाय वाकवावाच लागतो. घरच्या टबात अठरा किलोचा कुत्रा चालणार नाही, नुसता उभा राहील आणि बाथरूम धुवून काढेल.

महूचं व्हेटरनरी कॉलेज राजेंद्र नगरहून वीसेक किलोमीटरच आहे, नेऊ शकता. जुने एक्सरे आणि ऑपरेशनचा कागद सोबत घ्या, दोन्ही बाजूंचे म्हणजे समोरून आणि कडेने असे दोन फोटो काढायला सांगा, आणि डॉक्टरना स्पष्ट विचारा की गुडघा किती वाकतो ते तुम्ही हाताने बघा, मी ८० ला अडलेला मोजलाय. आकडा सांगितला की डॉक्टर लोक जागे होतात, आमच्या जमातीचा अनुभव आहे.

घरी आठवड्यातून एकदा कोन आणि मांडीचा घेर मोजा, शिंप्याची टेप, दोन्ही पायांना एकाच उंचीवर, तो उभा असताना, वहीत लिहून ठेवा. दोन आठवडे नीट करूनही कोन ७० च्या खाली येत नसेल किंवा उलट वाढायला लागला तर वाट न बघता ऑर्थोपेडिक बघणाऱ्या सर्जनकडे. आणि टेकवत असलेला पाय एकदम उचलायला लागला, मांडी सुजली-गरम लागली, टाक्यांच्या जागी पाणी यायला लागलं, पंजा उलटा पडायला लागला, यातलं काहीही झालं तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी दाखवा. पंजा उलटा पडणं म्हणजे नसेचा मामला असू शकतो.

लॅबवाला_सुदामानगर

सर कॅल्शियमचं सिरप पण द्यावं ना हाडासाठी? आम्ही दिलं होतं.

महूवाला_व्हेट

चांगला डॉग फूड किंवा हिशोबाचं घरचं जेवण असेल तर वरून नको. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना तर जास्त कॅल्शियमने हाडं वाकडी होतात. नुसतं दूध-पोळीवर असेल तर मात्र त्या जेवणाचंच आधी काहीतरी करा, अंडं, चिकन द्या, स्नायू बनायला प्रोटीन लागतं. शुद्ध शाकाहारी घर असेल तर पनीर, दही, उकडलेलं अंडं घरात चालत असेल तर अंडं.

बंड्याची_मम्मी (राजेंद्र नगर, इंदूर)

अंडं गॅलरीत चालतं 😄 सर शेवटचं, शनिवारी महूला नेतोय, एक्सरेला बेशुद्ध करतात का? सकाळी खायला देऊ की नको?

महूवाला_व्हेट

शांत झोपून राहिला तर नाही लागत, पण हा कोनमापक चावणारा आहे, झोपेचं इंजेक्शन देतील असं धरून चला. रात्री हलकं जेवण, त्यानंतर काही नाही, पाणी सकाळपर्यंत चालेल. आदल्या दिवशी फोन करून त्यांची वेळ आणि उपाशी किती ठेवायचं ते विचारून घ्या. गाडीत मागच्या सीटवर गादी टाका, उतरताना उडी मारू देऊ नका, दोघांनी उचलून उतरवा. आणि सासऱ्यांना शनिवारी सकाळी पोहे घेऊन दुसऱ्या खोलीत बसवा.